‘मनमिळाऊ’ हा शब्द मी मागे घेते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या निधनवार्तांच्या स्तंभात माझ्या आजीच्या निधनाची बातमी पाच ओळींत आली होती. वृद्धापकाळाने निधन, वय ९१, धार्मिक व मनमिळाऊ स्वभाव, पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे असा परिवार, रक्षाविसर्जन मिरजेच्या कृष्णाघाटावर सकाळी नऊ वाजता, एवढाच तो मजकूर होता. त्यात छपाईची एकही चूक नव्हती आणि तो आपल्याकडे पाठवणारी मीच होते, तेव्हा ही तक्रार आपल्याविषयी नाही हे आधीच सांगते. त्या रात्री घरात माणसांची रीघ लागली होती, परगावाहून निघालेल्यांचे फोन चालू होते आणि मी जुन्या अंकातील तशीच एक बातमी समोर ठेवून नाव आणि वय तेवढे बदलले. रक्षाविसर्जनाच्या दिवशी घाटाच्या पायऱ्यांवर, आजीबरोबर तीसेक वर्षे भजनात टाळ धरलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेतले आणि विचारले, “मनमिळाऊ कुणाला म्हटलंस गं? आक्काला? अगं, तिच्याइतकं भांडलं कोण आमच्यात!” त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. तो शब्द मागे घ्यावा आणि त्याच्या जागी काय यायला हवे होते ते लिहावे, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी कापावे लागलेच तर कुठे कापायचे ते आपण ठरवावे, माझ्याच्याने ते झाले नाही.

आजीला घरात, गल्लीत आणि इस्पितळात सगळेच आक्का म्हणत. तिचा जन्म १९३४ सालचा, अथणी तालुक्यातील एका खेड्यातला. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि तिचे माहेर म्हैसूर राज्यात गेले, सासर मुंबई राज्यात राहिले. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती मिरजेला आली तेव्हा तिला मराठी बोलता येत होते, वाचता मात्र येत नव्हते. आजोबा रेल्वेत पॉइंट्समन होते आणि बिऱ्हाड स्टेशनामागच्या चाळीत होते. बाळबोध अक्षरे तिने किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवरून गिरवली, त्यामुळे आपल्या व्यवसायाचे तिच्यावर थोडे ऋण आहे असे म्हणायला हरकत नाही. तरीही हिशेब, याद्या, निरोप असले घाईचे लिखाण ती अखेरपर्यंत कानडी लिपीतच करी. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पत्राच्या शेवटी माझी वाचकांकडे एक विनंती आहे आणि ती याच लिपीशी संबंधित आहे.

मिरजेत परगावची माणसे पूर्वापार दोन कारणांनी येत आली आहेत, दुखणे घेऊन आणि गाण्यासाठी, आणि पहिल्या कारणाने आलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्यात गुंतून राहिला आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडहून आले ते लहानपणी दारूकामाच्या अपघातात अधू झालेल्या डोळ्यांवर उपचार करून घ्यायला. इथे ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, पुढे १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९३१ मध्ये त्यांनी देह ठेवला तो मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगच्या दुखण्यातून उठले ते इथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या कृपेने, अशी कथा मिरजेत आजही सांगतात. खाँसाहेबांचा मृत्यू १९३७ मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात एका लहानशा स्टेशनाच्या फलाटावर झाला आणि त्यांना आणून दफन केले ते मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. रेल्वेचा संबंध असल्यामुळे ही हकिकत आजोबा रंगवून सांगत, जणू काही त्या गाडीला हिरवा बावटा त्यांनीच दाखवला होता. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले इस्पितळ, ज्याला आम्ही मिशन हॉस्पिटल म्हणतो, आणि तंबोरे-सतारी घडवणारी सतारमेकर गल्ली ही या गावाची दोन टोके आहेत. आक्काचे उभे आयुष्य या दोन टोकांमधल्या रस्त्यावर चालण्यात गेले.

इस्पितळाशी तिचा संबंध आला तो १९५७ मध्ये. तिची पहिली मुलगी पाच वर्षांची असताना घटसर्पाने आजारी पडली आणि चार दिवसांत गेली. पश्चात कोण कोण आहे हे आपल्या बातमीत होते. आधी गेलेली ही मुलगी त्यात येणार नव्हतीच. आक्का त्या चार दिवसांविषयी आमच्यापैकी कुणाशीही बोलली नाही. एक गोष्ट मात्र ती अनेकदा सांगे. शेजारच्या खाटेवर जत भागातील कुणी आजारी होते आणि त्यांच्याबरोबर आलेल्या म्हातारीने, आक्काला दोन दिवस कुणी जेवलीस का म्हणून विचारले नाही हे बघून, आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली होती आणि कानडीत विचारले होते, “ऊटा आता?” म्हणजे, जेवण झालं का? त्या म्हातारीचे नाव तिला ठाऊक नव्हते. दिवस-महिने गेले आणि आक्का डबा घेऊन परत त्याच आवारात जाऊन उभी राहिली. आजोबांनी विचारले, कुणासाठी? तिने सांगितले, कानडीवाल्यांसाठी.

त्या काळी विजापूर, बेळगाव, सोलापूर, कोकण अशा चारी बाजूंनी रुग्ण मिरजेला येत आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे आवाराबाहेर तीन दगडांच्या चुली मांडून दिवस काढत. डॉक्टर सांगतात ते त्यांना कळत नसे आणि त्यांचे डॉक्टरांना कळत नसे. आक्का मधे उभी राहून दोन्हीकडचे बोलणे इकडून तिकडे करी. औषध उपाशीपोटी की जेवून, टाके कधी निघणार, गावी परत कधी जाता येईल, हे सगळे ती समजावून घेई आणि समजले नाही तर न लाजता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारी. भांडणारी आक्का इथे कामाला येई. तिच्या बोलण्यातली एक रीत मला लहानपणापासून आठवते: वाईट बातमी सांगायची असली की ती आधी माणसाला खाली बसवी, पाण्याचा तांब्या पुढे करी, तो पिऊन होईपर्यंत एक शब्दही बोलत नसे आणि मग मात्र आडवळण न घेता सांगून टाकी. “लांबण लावली की माणूस मधेच आशा धरतं,” असे ती म्हणे.

इथे मला आमच्या घरातलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्रही त्या बातमीसारखेच होईल. आक्काने वाटलेल्या भाकऱ्या १९७६ नंतर माझ्या आईने थापल्या. आई त्या वर्षी सून म्हणून घरात आली आणि पहिल्या आठवड्यातच तिला कळले, की आठ माणसांच्या घरात पीठ चौदा माणसांचे मळायचे असते. आक्का सकाळी नऊला डबे घेऊन निघे ती दुपारी येई. गावात नाव आक्काचे झाले आणि हाताला घट्टे आईच्या पडले. माझे वडील आणि काका लहानपणी शेजारच्या घरी जेवून शाळेत गेल्याचे दिवस अजून मोजून सांगतात, आणि ते सगळे कौतुकाने सांगतात असेही नाही. आईने याबद्दल आक्काला एकदाच, माझ्यादेखत, सुनावले. आक्का गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून निम्म्या भाकऱ्या स्वतः करू लागली. क्षमा मागितल्याचे मात्र मी ऐकले नाही. ती तिच्या स्वभावातच नव्हती.

रेल्वेच्या चाळीत राहिल्यामुळे तिच्याकडे आणखी एक काम आपसूक आले. मिरजेहून पंढरपूरमार्गे लातूरकडे जाणारी बारशी लाइटची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. १९२७ मध्ये ती मिरजेपर्यंत आली. आषाढी-कार्तिकीला बेळगावकडून येणारे वारकरी मिरजेला उतरत आणि या छोट्या गाडीसाठी रात्र रात्र बसून राहत. आक्का आणि चाळीतल्या बायका त्यांना पिठले-भाकरी आणि पाणी देत. वारकऱ्यांतले कानडी मुलखातले लोक विठोबाची कानडी पदे म्हणत, मराठी मंडळी अभंग म्हणत, आणि दोन्हीकडचे येणारी आक्का मधे बसे. टाळ तेच, देव तोच, पण ठेका वेगळा पडतो, हे तिने मला हातावर टाळी देऊन समजावले होते. कानडी पदात सम जिथे येते असे वाटते त्याच्या किंचित आधी झोल देऊन शब्द उचलायचा असतो, मराठी कान असलेला माणूस तिथे हमखास घाई करतो. आमच्या घराण्यात ते फक्त तिला साधले.

याच फलाटाबाहेर तिने १९७२ चा दुष्काळ पाहिला. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्वभागातली कुटुंबे बोचकी घेऊन उतरत होती. रेशनवर अमेरिकेची मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना कडेने फाटे. मिलोच्या पिठात थोडा शिजवलेला भात कालवून ती भाकरी कशी सांधायची, हे तिने चाळीतल्या दहा-बारा घरांना शिकवले. पुढे आयुष्यभर कुणी अन्नाला नाव ठेवले, की “मिलो आणू का?” एवढेच ती विचारी.

गाणे तिच्याकडे दोन वाटांनी आले. एक माहेरची, आईबरोबर पहाटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांची; त्या अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठी होत्या. दुसरी वाट सरळ शिकवणीची, आणि ती तिला वयाच्या चाळिशीत सापडली. माझ्या आत्याला तिने एका मास्तरांकडे गाण्याला घातले. शिकवणी दिवेलागणीनंतर असे, मुलीला एकटीला पाठवायचे नाही म्हणून आक्का सोबत जाई आणि दाराशी बसून तांदूळ निवडी. दीड वर्ष तिने असे तांदूळ निवडले. एके दिवशी आत्या एका तानेत अडखळली तेव्हा दाराकडून ती तान नीट म्हटली गेली. मास्तरांनी सांगितले, उद्यापासून दोघींनी बसायचे, फी एकीचीच घेईन. पलुस्करांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे गावोगावी होतात. प्रवेशिका पूर्णला १९७६ मध्ये आक्का आणि आत्या एकाच दिवशी बसल्या, आई ४२ वर्षांची आणि मुलगी १३ वर्षांची. परीक्षकांनी आधी आत्याला आत बोलावले आणि आक्काला, पालकांनी बाहेर थांबावे, असे सांगितले. तिने पदराआडून आपले प्रवेशपत्र काढून दाखवले. लेखी परीक्षेत तिला मुलीपेक्षा कमी गुण पडले, कारण घाईत तिच्या मराठी वाक्यांमध्ये कानडी अक्षरे शिरली होती. गायनात जास्त पडले. हा निकाल ती पाहुण्यांना सांगे तेव्हा आत्याला समोर बसवून सांगे, यावरून ती किती मनमिळाऊ होती ते कळेल.

त्याच सुमारास भिशीचा नंबर लागला आणि तिने सतारमेकर गल्लीतून एक वापरलेला जनानी तंबोरा आणला. घरात तेव्हा पंखा नव्हता. आजोबा म्हणाले, वारा कुठून येणार? ती म्हणाली, खिडकीतून. हा तंबोरा आणि एक पेटी यांवर आमच्या गल्लीतले महिला भजनी मंडळ चाळीस वर्षे चालले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला होता हे मास्तरांनी तिला सांगितले, तेव्हा तिला ते खरेच वाटेना. तिचे म्हणणे असे, की ज्यांना घरात तंबोरा परवडतो त्यांनी पेटीला नाकं मुरडावीत; बारा बायकांचे बारा सूर एका पट्टीत बांधून ठेवायला पेटीशिवाय दुसरे आहे काय? पंडितांना हे पटणार नाही, आणि श्रुतींच्या, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांच्या, बाबतीत पंडितांचे बरोबरही आहे. पण गुरुवारच्या भजनाला श्रुती मोजत कुणी येत नाही.

उरुसात दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि गायक-वादक तिथे बिदागी न घेता हजेरी लावतात. त्या रात्री आक्का डबा, सतरंजी आणि एक नातवंड घेऊन बायकांच्या बाजूला जाऊन बसे. ते नातवंड बरीच वर्षे मी होते. मी तिच्या मांडीवर झोपून जाई आणि आवडलेली जागा आली की ती माझ्या पाठीवर बोटाने सम देई, त्यामुळे मला जाग येई आणि अर्थातच कशामुळे जाग आली ते कळत नसे. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये याच मिरजेत जन्मल्या आणि घरंदाज बाईने तिकीट लावून, रंगमंचावर बसून गावे हे त्यांच्यामुळे रूढ झाले, हे सांगताना आक्काचा आवाज बदले. ती स्वतः कधी तिकिटाच्या कार्यक्रमात गायली नाही, तशी तिची तयारीही नव्हती आणि तसा आव तिने कधी आणला नाही.

आता ज्या भांडणाची त्या टाळवाल्या बाईंनी आठवण काढली ते सांगते. आजोबा १९८९ मध्ये गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला एका मंडळाने हळदीकुंकवाला आमचे भजन ठेवले होते. आक्का नेहमीप्रमाणे पुढे पेटी मांडून बसली. यजमानांपैकी कुणीतरी हळूच सुचवले, की आज पुढे दुसरे कुणी बसले तर बरे दिसेल, आक्कांनी मागून साथ करावी. आक्काने भाता बंद केला, पेटीचे झाकण लावले, कड्या घातल्या आणि विचारले, “माझा सूर विधवा झाला काय?” मग ती उठून पेटी बगलेत मारून चालू लागली. तिच्यामागून टाळ घेऊन अकराच्या अकरा बायका उठल्या, त्यांत सहा-सात सवाष्णी होत्या, वाण न घेताच बाहेर पडल्या आणि आमच्या घरी येऊन, चहा घेऊन, ठरलेले सगळे भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाल्या. मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी भैरवीला इतका वेळ लागला, की आईला दुसऱ्यांदा कुकर लावावा लागला. पुढच्या वर्षी त्याच मंडळाचे बोलावणे आले आणि आक्का गेली, पुढे बसली आणि तिने झाल्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. अबोला धरणे तिला कधी जमलेच नाही. जे असेल ते तोंडावर, आणि मग चहा.

म्हातारपणीच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. तेव्हा ८२ वर्षांची आक्का रिक्षा करून ती बघायला गेली. ज्या मार्गावर आपण माणसांना तांब्याने पाणी पाजले त्याच मार्गाने आता नुसते पाणीच चालले आहे, याचे तिला हसू आले की वाईट वाटले ते मला नक्की सांगता येणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाघाट परिसरातील कुटुंबे शाळांमध्ये हलवली गेली आणि गावोगावाहून भाकऱ्यांची पोती आली. आक्का खुर्चीत बसून त्या भाकऱ्या हाताने चाचपत होती आणि आंबलेल्या बाजूला काढत होती. कुणीतरी म्हणाले, आक्का, असू द्या, पोट भरायचं आहे. त्यावर तिने जे उत्तर दिले ते वर्तमानपत्रात छापण्यासारखे नाही.

तिच्या ट्रंकेत तीन जाड वह्या निघाल्या. उजव्या पानांवर बाळबोध लिपीत भजनांचे स्वर आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावरून गायचे ते, लिहिले आहे. ही पट्टी तिने वर्षावर्षाने खोडून बदलली आहे. एका अभंगावर आधी काळी पाच, ती खोडून काळी चार, तीही खोडून काळी तीन, आणि सर्वांत शेवटी, कापऱ्या अक्षरात, पांढरी चार. आवाज कसा उतरत गेला याची इतकी स्वच्छ नोंद तिने आमच्यासाठी नव्हे, बाजूला पेटीवर बसणाऱ्या मुलीसाठी ठेवली होती. डाव्या पानांवर सगळे कानडीत आहे. आम्हा नातवंडांपैकी कुणालाही ती लिपी येत नाही, ही आमची लाजिरवाणी बाब आहे. दिवसकार्याला आलेल्या कागवाडच्या एका निवृत्त शिक्षकांनी पहिली अकरा पाने वाचून दाखवली. त्यांत खाटेचा क्रमांक, गाव, काय हवे, असे तीन रकाने आहेत. खाट १४, अथणी, दूध अर्धा शेर. खाट ६, मुधोळ, गावी पत्र लिहायचे, बैल विकू नका म्हणून. खाट २२, जत, आणि तिसऱ्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ. रेघ कशाची, असे मी विचारले, तर शिक्षक थोडे थांबून म्हणाले, पुढच्या पानावर २२ नंबरला दुसरे गाव आहे.

राहिलेली दोनशेच्या वर पाने अजून वाचायची आहेत. अधेमधे कानडी पदे आहेत असे त्या शिक्षकांचे मत पडले. ती आक्काच्या आईकडून आलेली असावीत, कारण त्यांच्यावर पट्टी लिहिलेली नाही. तेव्हा माझी पहिली विनंती अशी, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे हाताचे कानडी लेखन वाचू शकणारे कुणी वाचक मिरज-सांगली परिसरात असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. दुसरी विनंती घरोघरच्या लोकांना आहे. भजनी मंडळांतल्या बायकांच्या अशा वह्या बहुतेक घरांत असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. कृपया द्यायच्या आधी एकदा उघडून बघाव्यात. आणि एक छोटी विनंती आपल्यालाही. निधनवार्तेचा मजकूर आपल्याकडे पाठवायचा असतो त्या नमुन्यात नाव, वय, स्वभाव, परिवार, रक्षाविसर्जन असे रकाने आहेत. त्यात ‘काय येत होते’ असा एक रकाना घालता आला तर पाहावे. गृहिणी एवढे लिहून पुढे गेलेल्या पुष्कळ बायकांच्या घरच्यांना त्या रात्री दोन मिनिटे थांबून आठवावे लागेल.

तंबोऱ्याचे सांगायचे राहिले. तारा जिच्यावरून जातात ती घोडी झिजून त्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, पार गेली होती, तार छेडली की नुसता ठक्क असा आवाज येई. गेल्या आठवड्यात मी आणि आत्या तो सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा कागद कारागिरांच्या दुकानात भिंतीवर लावलेला आहे आणि खाली जमिनीवर मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत पडलेले आहेत. कारागिरांनी तंबोरा आडवा मांडीवर घेतला, घोडीवर कानस चालवली, फुंकर मारून भुसा उडवला, तारेखाली सुताचा दोरा सरकवून तार छेडली, पुन्हा कानस चालवली. असे वीस-पंचवीस वेळा झाल्यावर एका तारेत तो भुंग्यासारखा नाद उमटला. मग त्यांनी विचारले, तारा कोणत्या पट्टीच्या चढवू? मी वहीत शेवटी लिहिलेली पट्टी सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात आत्या म्हणाली, काळी चार. गुरुवारच्या भजनाला आता ती पुढे बसते. तंबोरा बुधवारी संध्याकाळी मिळणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नात, मिरज

(बातमीत आजीचे नाव येऊन गेले आहे. या पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती.)